नुसतं उतरवून काढलेलं नाही

‘दुसऱ्यांची भाषणं उतरवून काढायची, त्यात चित्रकार जितीश कल्लाटची कला ती काय?’ हा आक्षेप २०१० च्या शिकागोतल्या कामापुरता मी एकवेळ ऐकून घेईन. तिथल्या कलासंग्रहालयाच्या जिन्याच्या पायऱ्यांवर विवेकानंदांच्या भाषणाचे शब्द रंगीत दिव्यांनी उजळलेले. थोडा झगमगाट होताच. पण २००३ चं ‘पब्लिक नोटिस’ बघा. गुजरात दंगलीनंतरच्या वर्षी त्याने नेहरूंचं स्वातंत्र्याच्या मध्यरात्रीचं भाषण ॲक्रिलिकच्या आरशांवर रबराच्या गोंदाने हाताने लिहिलं आणि अक्षरं पेटवून दिली. आचेने आरसेच वाकले. आता वाचायला समोर उभं राहिलं की काळ्या, करपलेल्या ओळींमागे आपलं स्वतःचं तोंड वेडंवाकडं दिसतं. भाषण छापून भिंतीवर टांगलं असतं तर हे कुठून येणार होतं?