घर फिरवून आणलं, आता गाडी कुरकुरते आहे : जुन्या कॅम्परवाल्यांनो, अनुभव सांगा

माळवी_मुसाफिर, इंदूर

परवा रात्री अकराला सुदामानगरात गाडी लावली. अठरा दिवस, इंदूर ते गुहागर आणि परत, दोन हजार किलोमीटरच्या थोडं वरच. गाडी २००४ ची टेम्पो ट्रॅव्हलर. आधी शाळेची मुलं वाहायची, आता आमचं बिऱ्हाड वाहते: रात्री बिछाना होणारी दोन बाकं, गॅसची शेगडी, मागे १२० लिटरची पाण्याची टाकी, बाकाखाली दुसरी बॅटरी. वर्षातून दोनदा निघते. बाकीचे दिवस फाटकाशी उभी, आणि शिडी आहेच म्हणून आमची ही टपावर पापड वाळत घालते.

सुखरूप आलो, पण तीन दुखणी सोबत आली.

पहिलं, सकाळी सुरू व्हायला रडते. थांबून थांबून चार-पाचदा सेल्फ मारावा लागतो, मग पांढरा धूर सोडत, खोकत उठते. एकदा उठली की दिवसभर अर्ध्या सेल्फला तयार. गंमत अशी की गुहागरला सहा दिवस मुक्काम होता, तिथे एकदाही त्रास नाही. घरी आल्यापासून रोज.

दुसरं, कुंभार्ली घाट उतरताना शेवटच्या वळणांवर ब्रेकचं पेडल खोल जायला लागलं. थांबलो, सगळ्यांना उतरवलं, चहा केला. पाऊण तासाने पेडल जागेवर, जसं काही झालंच नव्हतं.

तिसरं, ५५ ते ६० च्या वेगाला खालून ‘घूं’ असा आवाज आणि तळव्यांना मुंग्या. ७० ला गायब.

एका गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच “डिझेलचा पंप खोलावा लागेल” म्हणून मोठा आकडा सांगितला. म्हणून हा धागा. नुसता सल्ला नको. तुमच्या गाडीचं काय झालं, कसं सापडलं, आधी कुठे चुकलात, तेही लिहा.

छावणीचा_पाना, इंदूर

भिया, पंपाला कोणाला हात लावू देऊ नका. आधी एक सांगा, घरी गाडी रॅम्पवर तोंड वर करून लावता का?

विचारायचं कारण आमची मॅटाडोर. मी तीस वर्षं डिझेलच्याच गाड्यांवर हात काळे केले, पण हा धडा घरच्या गाडीने दिला. वडील मांडूला घेऊन गेले, आले, आणि दुसऱ्या दिवसापासून अगदी तुमचंच गाऱ्हाणं. मी तेव्हा नवशिका, त्यामुळे उत्साहात पंप उतरवला. दुरुस्त करून आणला, तरी तेच. पुन्हा उतरवला. वडिलांनी माझ्याशी बोलणं सोडलं.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी काय केलं? डिझेलच्या टाकीकडून फिल्टरला येणारी काळी नळी काढली आणि तिथे हातभर पारदर्शक नळी लावली. गाडी चालू केली. डिझेलमधून साबुदाण्याएवढे बुडबुडे रांगेने चाललेले. मग जोडांवर एकेक करून ग्रीस चोपडत गेले. टाकीजवळच्या क्लिपला ग्रीस लागलं आणि साबुदाणा बंद. क्लिप सोडवली तर खाली रबराला चीर, नख घातल्यावरच उघडेल एवढीशी.

टाकीपासून फीड पंपापर्यंत (टाकीतून डिझेल खेचणारा छोटा पंप) डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. त्यामुळे तिथे भोक असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. खाली डाग पडत नाही, म्हणून कोणाला संशय येत नाही. रात्री गाडी उभी राहिली की तीच हवा वाट देते आणि नळीतलं डिझेल टाकीत परत उतरतं. सकाळी तुम्ही सेल्फ मारता तो आधी ही नळी भरण्यात जातो.

उद्या सकाळी सेल्फच्या आधी बॉनेट उघडा आणि फीड पंपावरचा हातपंप दाबा. पहिले दहा-बारा दट्टे पोकळ जातील, मग हाताला जोर लागेल. आता किल्ली फिरवा. लगेच उठली तर हवा. तरीही रडली तर हीटर प्लग (सुरू होताना इंजिन आतून गरम करणारे) तपासा, चारातले दोन गेले असतील तरी थंडीत असंच होतं.

माळवी_मुसाफिर

पाना काका, रॅम्प आहे! तोंड वर, टाकी खाली. आणि गुहागरच्या घराचं अंगण उताराचं, गाडीचं तोंड खाली समुद्राकडे. हे डोक्यातच आलं नव्हतं. सकाळी बघतो.

छावणीचा_पाना

मग गुहागरला टाकी इंजिनपेक्षा वर होती, नळी रात्रभर भरलेली. गाडी तशीच उताराला लावून टाकीकडच्या जोडांवर कोरडी चिंधी फिरवा. त्या स्थितीत भोकातून डिझेल पाझरतं. चिंधीला वास आला की जागा सापडली.

रेवाकाठची, इंदूर

ब्रेकवर मी लिहिते, कारण घाटात पेडल जमिनीला टेकतं तेव्हा पोटात काय होतं ते मला ठाऊक आहे. आम्ही महेश्वरला निघालो होतो, गणेश घाट उतरत होतो. गाडी मीच चालवत होते, हे मागे आईंना बटाटेवडे देत होते. पुढे सळया भरलेला ट्रक. पेडल आधी स्पंजासारखं लागलं, मग नुसतं खाली गेलं. दोन-तीनदा पटापट पंप केलं तेव्हा थोडं पकडलं, दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी कडेला घेतली. वडे कोणी खाल्ले नाहीत.

दोष ब्रेक ऑइलचा होता. ते हवेतलं पाणी शोषून घेतं. ताजं डॉट ३ ग्रेडचं ऑइल २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी मुरलेलं १४० च्या आसपास. घाटात पाय सतत ब्रेकवर राहिला की चाकाजवळचं ऑइल तिथवर तापतं, वाफ होते आणि पेडल ती वाफ दाबत बसतं. थंड झालं की वाफेचं पुन्हा ऑइल, म्हणून चहानंतर सगळं छान वाटतं. छान नसतं.

आमची चूक काय? सात वर्षांत ऑइल बदललंच नाही, फक्त वरून भरत राहिलो. त्यामुळे डबीत ते स्वच्छ सोनेरी दिसायचं. मिस्त्रींनी मागच्या चाकाजवळचा निपल (ऑइल काढायचा छोटा बोल्ट) सोडला तेव्हा बाटलीत आलं ते थेट टपरीवरच्या कडक चहाच्या रंगाचं. आता दर दोन वर्षांनी चारही चाकांतून पूर्ण काढून नवं. आणि घाट माथ्यावरच गिअर उतरवायचा, मधे नाही.

दादा, लाल दिव्याला पाय ठेवून उभं असताना पेडल हळूहळू बुडतं का, तेही बघा. तसं असेल तर पेडलने ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचे रबर कप गेलेत. आणि पेडल कधी दगडासारखं कडक झालं तर ती व्हॅक्यूमची गोष्ट, पेडल हलकं करणारी ती ओढ गेलेली.

छावणीचा_पाना

ताईंनी नेमकं सांगितलं. भर एवढीच की डिझेल गाडीला व्हॅक्यूमसाठी वेगळा पंप असतो, बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीला. पेडल कडक झालं तर आधी तिथली नळी चाचपा. आणि डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालेल, पण डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते जुन्या ऑइलमध्ये मिसळायचं नाही.

पोहेजिलेबी, इंदूर

आमच्या गाडीत ओंकारेश्वरहून आल्यापासून डाव्या वळणावर ‘टण्ण’. शॉकअप बदलले, बुश बदलले, दोन गॅरेजं झाली. दिवाळीच्या सफाईत बाकाच्या पोकळीतून कुकरची शिट्टी निघाली. सासूबाई ती शिट्टी आम्हीच हरवली म्हणून वर्षभर ऐकवत होत्या.

लष्करवाला, ग्वाल्हेर

इथली जानेवारी तुम्हाला माहीत आहे. माझ्या गाडीचा सेल्फ प्रवासानंतर म्हाताऱ्यासारखा फिरायला लागला, घरर… घरर. नवी बॅटरी घेतली. तेच. सेल्फ उघडून कार्बन बदलले. तेच. मीटरवर बॅटरी १२.६ व्होल्ट, चालू गाडीवर १४, म्हणजे चार्जिंगही ठणठणीत.

मग एका पोराने जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं सरळ इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावलं. किल्ली फिरवली, झटक्यात सुरू. इंजिन ते चासी जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजून शेवटच्या चार तारांवर लोंबत होती. वर आमच्या पाण्याच्या टाकीचा नळ बरोबर तिच्यावर ठिबकत होता, तो मीच बसवलेला. दोन बॅटऱ्यांच्या गाड्यांत अर्थिंगची जोडणी दुप्पट, म्हणून दुखणीही दुप्पट. पॉलिश पेपरने घासून, घट्ट करून वर ग्रीस.

रा_रा_तीन_चाकी, इंदूर

उंदीर. बाकी काही लिहीत नाही.

बायपासवाला, इंदूर

‘घूं’साठी सपाट, मोकळा रस्ता बघा, घाटात नको. ६० ला नेऊन न्यूट्रल करा आणि गाडी पळू द्या. आवाज थांबला तर इंजिन-गिअरबॉक्सकडे जा. तसाच राहिला तर चाकं, टायर, प्रॉपेलर शाफ्ट (इंजिनची ताकद मागे नेणारा दांडा), डिफरेन्शियल (मागच्या एक्सलवरचा गिअरचा गोळा). मग स्टिअरिंग अगदी हलकं डावी-उजवीकडे. एका बाजूला वाढून दुसरीकडे घटला तर व्हील बेअरिंग. डांबरावरून काँक्रीटवर गेल्यावर सूर बदलला तर टायर.

माझा टायरच निघाला. नक्षी नव्यासारखी, म्हणून मी कोणाचं ऐकत नव्हतो. बाजूवर चार आकडे असतात, माझ्यावर १९१२, म्हणजे २०१२ सालचा एकोणिसावा आठवडा. बारा वर्षांचा टायर. त्यात महिनोन्‌महिने एकाच जागी उभा, खालचा भाग चपटा बसलेला. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी गाडी देवासनाक्यापर्यंत नेऊन आणतो. नुसतं जागेवर इंजिन चालू ठेवून टायर फिरत नाहीत.

माळवी_मुसाफिर

पाच दिवसांनी येतोय. आधी सुरुवातीचं. हातपंपाचे बारा दट्टे मोजले, तेराव्याला जोर लागला, किल्ली फिरवली, अर्ध्या सेल्फला उठली. गाडी उताराला लावून चिंधी फिरवली, फिल्टरवरच्या बोल्टखालचा तांब्याचा वायसर ओला. दोन वायसर बदलले, पैसे दोघांच्या पोहे-जिलेबीपेक्षा कमी. चार सकाळी झाल्या, एकदाही धूर नाही. त्या गॅरेजसमोरून मुद्दाम हॉर्न देत गेलो.

ब्रेक ऑइल ताई म्हणाल्या तसंच, चहा. तेही मसाल्याचा. पूर्ण बदललं, पेडल बुडत नाही. घाटात अजून नेली नाही, त्यामुळे झालं असं म्हणणार नाही.

‘घूं’ मात्र आहे. न्यूट्रलला राहतो, स्टिअरिंगने बदलत नाही, टायर २०२२ चे. शाफ्टचे क्रॉस (वळते सांधे) हाताने हलवून पाहिले, खेळ नाही. सेंटर बेअरिंगचं रबरही शाबूत.

छावणीचा_पाना

पाण्याची टाकी मागच्या एक्सलवरच ना? भरलेली आहे?

माळवी_मुसाफिर

काठोकाठ. निघायच्या दिवशी भरली, परतताना नाशिकला पुन्हा भरली.

छावणीचा_पाना

१२० किलो मागे, त्यात शाळेच्या जमान्यातले थकलेले पाटे (लीफ स्प्रिंग). मागचा भाग बसला की डिफरेन्शियल कलतं, शाफ्टचा कोन बदलतो आणि ठरावीक वेगाला क्रॉस गुणगुणतात. ७० ला जातो म्हणता, ते जुळतं. टाकी रिकामी करून एक चक्कर मारा, मग पाट्यांचं बघू.

माळवी_मुसाफिर

नळ सोडलाय. झाडांना पाणी चाललंय. उद्या सहाला बायपास.