हजेरीआधीची काही मिनिटे : आपले अनुभव लिहावेत

नौपाडेकर
नातवाच्या शाळेत हजेरीआधी मुलांना डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगतात, हे काल त्याच्या तोंडून ऐकले आणि ठाण्यात अजून नगरपालिका होती तेव्हाची आमची शाळा आठवली. घंटा, रांग, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि वर्गात शिरताच ‘हाताची घडी, तोंडावर बोट’. वर्ग चिडीचूप होई, पण बाकाखाली चिमटे चालूच असत. आता हे कसे चालते?

ऐरोलीची बाई
मी दुसरीला शिकवते. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष असा सगळा परिपाठ आटोपेपर्यंत मुले उभी राहून कंटाळलेली असतात, त्यामुळे दारातच ढकलाढकली होते. म्हणून मी लगेच पुस्तक काढायला लावत नाही. एक पंजा पसरायचा, दुसऱ्या हाताचे बोट त्याच्या कडेने फिरवायचे, वर चढताना श्वास घ्यायचा आणि उतरताना सावकाश सोडायचा. सोडलेला श्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात, हे पालकसभेत सांगावे लागते; मुलांना मात्र गुदगुल्याच होतात, आणि तेवढे हसू मी चालवून घेते. हजेरी त्यानंतर.

घोडबंदरची आई
फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायचे ठरले. मुलीची झोप पूर्ण होते हे खरे, पण आता बस नेमकी गर्दीच्या वेळी रस्त्यावर असते. उशीर झाला की इतरांचे ध्यान संपेपर्यंत तिला वर्गाबाहेर उभे करतात आणि ती रडवेली होऊनच आत जाते. अशा शांततेचा तिला काय उपयोग?

नेरूळचे निवृत्त गुरुजी
नौपाडेकर, आमचा चिमटेबहाद्दर पुढे दंतवैद्य झाला!
आमची शाळा दोन सत्रांची होती. एक सत्र सुटताना दुसरे भरे, त्यामुळे मौन पाळणे अशक्यच. जूनमध्ये पहिलीची मुले रडत येत, त्यांना मी समजावत बसत नसे. एकाला खडूचा डबा, दुसरीला कुंडीला पाणी घालायचा मग. हातात काम आले की बहुतेकांचे रडे थांबे. न थांबणारी माझ्या खुर्चीला टेकून बसत.

ऐरोलीची बाई
घोडबंदरच्या ताई, वर्गशिक्षिकांशी अवश्य बोला. माझ्या वर्गात दाराजवळचे बाक उशिरा येणाऱ्यांसाठी मोकळे असते. दप्तर पाठीवरच ठेवून त्यांनी तिथे बसायचे आणि वर्ग ज्या बोटावर असेल तिथून सुरू करायचे.