माझ्या ग्राफच्या कमांडचं डॉक्युमेंटेशन एआय एजंटला कळेल असं कसं लिहू?

सातपूरकर:
मंडळी एक विचारायचं होतं. मी लासलगाव आणि पिंपळगावचे कांद्याचे रोजचे भाव सीएसव्हीत भरून ठेवतो आणि ग्नूप्लॉटवर (ग्राफ काढायचं सॉफ्टवेअर) एक छोटी कमांड बांधलीये, नाव 'रेघ', फाइल दिली की किमान, कमाल, सरासरी अशा तीन रेघा मारून पीएनजी देते. दोन वर्षं एकटाच वापरत होतो, काही त्रास नव्हता. आता ऑफिसात सगळे एजंटला सांगतात ग्राफ काढ म्हणून आणि तो पठ्ठ्या 'रेघ' चालवून घोळ घालतो. ०३/०४/२०२४ म्हणजे ३ एप्रिल, त्याने धरलं ४ मार्च. रविवारी लिलाव बंद म्हणून मी तिथे डॅश टाकतो, डॅश आला की सोडून द्यायचं हे 'सेट डेटाफाइल मिसिंग'ने सांगितलेलं पण आहे, पण त्याने आधीच "डेटा साफ केला" म्हणत सगळीकडे शून्य भरलं, म्हणजे दर आठवड्याला भाव एकदम जमिनीवर. साहेब म्हणे हा कांद्याचा ग्राफ आहे की ईसीजी. रीडमी (कमांड कशी वापरायची त्याची फाइल) आहे हो, चांगला १४ पानी, स्वतः लिहिलाय. तो वाचायला दिला तरी तेच.

गोदाकाठी:
१४ पानी आहे हाच तर घोळ आहे भाऊ 😄 तुझ्या एजंटला ग्नूप्लॉट येत नाही असं नाहीये, जरा जास्तच येतं. १९८६ पासूनचं सॉफ्टवेअर, नेटवर इतक्या वर्षांची उदाहरणं पडलीयेत, त्यात 'सेट डेटा स्टाइल' असली जुनी लिखाणपद्धत पण येते (आता ते 'सेट स्टाइल डेटा' आहे) आणि तो सगळ्याची मिसळ करून देतो. त्यामुळे ग्नूप्लॉट शिकवत बसू नको. तुझं जे जगावेगळं आहे तेवढंच लिही. तारीख आधी दिवस मग महिना, डॅश म्हणजे लिलाव बंद, शून्य भरू नये. व्हर्जन कुठलं ते. आणि चालणारं एक अख्खं उदाहरण, चार ओळींची सीएसव्ही, पूर्ण कमांड, काय छापून येतं ते. "वगैरे" लिहून सोडलंस की उरलेलं तो मनाने भरतो.

निफाडचा पाव्हणा:
माझं मत वेगळं आहे, कागद कमी लिहा टूल सुधरा. एजंट रीडमी वाचेल न वाचेल, एरर मात्र वाचतोच, कारण ती त्याच्या तोंडासमोर येते. तुझी 'रेघ' सगळं मुकाट्याने गिळते ना, तिथेच चुकतंय. भाव शून्य दिसला की थांबायचं आणि सांगायचं "१७ व्या ओळीत शून्य आहे, लिलाव बंद असेल तर डॅश टाका". नुसतं "इनव्हॅलिड इनपुट" नको, त्यावर तो अंदाजाने दहा गोष्टी करून बघतो. एक्झिट कोड (काम जमलं की फसलं ते सांगणारा आकडा) पण नीट दे, नाहीतर फसलं तरी तो "ग्राफ तयार आहे" म्हणून मोकळा. तारखेचं म्हणशील तर फाइलमध्येच २०२४-०४-०३ असं कर आणि विषय संपव.

तर्रीबाज:
पाव्हण्याला अनुमोदन. पण एक राहिलं, कारणं पण लिही. आमच्याकडे मराठी लेबलं होती म्हणून ग्नूप्लॉटचं पीएनजीकैरो टर्मिनल (म्हणजे चित्र काढून देणारा भाग) वापरलेलं, ते अक्षरं मांडायला पँगो नावाची लायब्ररी वापरतं त्यामुळे जोडाक्षरं नीट येतात. हे कुठे लिहिलंच नव्हतं. एजंटने "सुधारणा" म्हणून सगळं मॅटप्लॉटलिबमध्ये (पायथनची ग्राफ लायब्ररी) नेलं आणि 'द्राक्षे'चे तुकडे झाले. आता एका ओळीत लिहिलंय की टर्मिनल बदलू नये, जोडाक्षरं तुटतात. तेव्हापासून हात लावत नाही. आणि कधी तो कमांड सोडून थेट ग्नूप्लॉट उघडून बसतो, 'अनसेट आउटपुट' करत नाही (म्हणजे फाइल बंद करत नाही) आणि अर्धवट पीएनजी बघून गोंधळतो, ते पण टाक.
बाकी कोणी एलएलएम्स डॉट टीएक्सटी (एआयला वाचायला ठेवायची माहितीची फाइल) कर म्हणेल, ते २०२४ मध्ये जेरेमी हॉवर्डने सुचवलेलं, पण ते वेबसाइटसाठी. तुझं रेपोत (कोडच्या फोल्डरात) आहे ना, मग तिथेच एजंट्स डॉट एमडी ठेव, एजंटसाठीच्या सूचनांची फाइल, एक पान.

सातपूरकर:
केलं बघा शनिवार रविवार बसून. एक पान झालं. तारखा उलट्या करून टाकल्या, शून्यावर आता 'रेघ' ओरडते, आणि शेवटी छापते "३६५ ओळी वाचल्या, ५८ डॅश सोडले, २०२४-०४-०१ ते २०२५-०३-३१". ही शेवटची ओळ लय कामाची निघाली, आकडा जमला नाही तर एजंट स्वतःच परत फाइल बघायला जातो. आता नवीन लफडं, साहेबांना द्राक्षाचा भाव त्याच ग्राफवर पाहिजे. द्राक्ष किलोवर, कांदा क्विंटलवर, एजंटने दोन्ही एकाच अक्षावर काढले, द्राक्षाची रेघ तळाला चिकटली.

गोदाकाठी:
रकान्याच्या नावातच युनिट टाक ना, 'सरासरी_रुपये_प्रति_क्विंटल'. लांब दिसलं तर दिसू दे. आणि रीडमीतलं ते पहिलं पान, ग्नूप्लॉटचा इतिहास, उडवलंस का?

सातपूरकर:
नाही उडवलं. ते मला आवडतं. एजंटला दाखवत नाही, बस.