मदत हवी आहे: एआयला पाण्यावरचा फेससुद्धा प्लास्टिक वाटतो, काय करावं?

मंडळी,

आमचा स्वयंसेवकांचा गट पुलावरून नदीतलं तरंगतं प्लास्टिक मोजतो. पुलाचे सारखे भाग पाडायचे, प्रत्येक भागावर ठरलेली मिनिटं उभं राहायचं आणि खालून वाहत जाणाऱ्या वस्तू प्रकारानुसार नोंदवायच्या. सोबत मोबाईलवर फोटो. २०२१च्या एका जागतिक अभ्यासानुसार नद्यांवाटे समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी ८० टक्के हजाराहून जास्त नद्यांमधून जातं. इतक्या ठिकाणी कॅमेरे कोण बसवणार? सेंटिनेल-२ उपग्रहाच्या फोटोतला सगळ्यात बारीक पिक्सेलही (एक ठिपका) जमिनीवरच्या १० मीटरचा, त्यात बाटली कुठून दिसायची. म्हणून लोकांचे मोबाईल आणि मोजायला एआय, असा बेत आहे.

योलो मॉडेलला (फोटोतल्या वस्तू ओळखून त्यांभोवती चौकट काढणारं एआय) 'टॅको' या खुल्या डेटासेटवर शिकवलं आणि घोडं तिथेच अडलंय. त्यात कचऱ्याचे १५०० फोटो आहेत, ६० प्रकार, पण बहुतेक जवळून टिपलेले. पुलावरून तीच बाटली जेमतेम काही पिक्सेलची होते. फेस, उन्हाची चकाकी, जलपर्णीचं उलटं झालेलं पान, जे दिसेल त्यावर मॉडेल 'पिशवी'ची चौकट ठोकून मोकळं! आणि जलपर्णीत रुतलेला थर्माकोलचा तुकडा मात्र सुटतो, जो शाळकरी पोरांनाही पटकन दिसतो.

आमचे फोटो टाकून पुन्हा शिकवलं तर चाचणीत आकडे झकास येतात, पण दुसऱ्या पुलावर गेलं की सगळं कोसळतं. शिवाय लोक फोटो काढतात ते कचरा दिसला की. स्वच्छ पाण्याचा फोटो कोणी पाठवत नाही.

माणसाची मोजणी आणि मशीनची मोजणी जुळली नाही तर खरी कोणती धरायची? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

चाचणीचे फोटो कसे वेगळे काढले? एकाच पुलावरच्या लागोपाठच्या फोटोंपैकी काही शिकवायला, काही चाचणीला वापरले असतील तर ती परीक्षा नव्हे, पेपर आधीच फुटलाय. एक अख्खा पूल चाचणीसाठी बाजूला ठेवा, मग खरा आकडा कळेल.

वस्तू बारीक असतील तर फोटोचे तुकडे करून मॉडेलला द्या. अख्खा फोटो लहान केला की बाटली त्यातच विरते. फेसाचे, चकाकीचे, नुसत्या जलपर्णीचे फोटो चौकटीविना मुद्दाम शिकवणीत घाला. चकाकीवर पोलरायझिंग फिल्टर (लेन्सवर लावायची खास काच) बराच उपयोगी पडतो. आणि 'काहीच दिसलं नाही' हीसुद्धा नोंदच असते, हे गटाला ठणकावून सांगा. घड्याळ लावून फोटो काढायचा, कचरा असो वा नसो.

प्रतिसाद २

खरी कोणती, हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. आधी दोन माणसांना एकमेकांचं न बघता तेच फोटो मोजू द्या. त्यांचंच जुळत नसेल तर मशीनला बोल लावण्यात अर्थ नाही. मॉडेलला खात्री नसलेल्या चौकटी तेवढ्या माणसांकडे पाठवा, सगळ्या नकोत, लोक कंटाळतात. आणि दोन्ही मोजण्या फक्त पृष्ठभागाच्या आहेत, पाण्याखालून जाणारं कोणालाच दिसत नाही, तेव्हा अहवालात 'नदीतलं प्लास्टिक' असं सरसकट लिहू नका.

धागाकर्ता

दोघांचे आभार. लागोपाठचे फोटोच शिकवणी आणि चाचणीत वाटले गेलेत, आजच तपासलं. आता एक पूल वेगळा काढतोय. तुकडे करताना कडेवर अर्धी कापली गेलेली बाटली दोनदा मोजली जाते, त्यावर काय उपाय?

प्रतिसाद १

तुकडे एकमेकांवर थोडे चढवून कापा आणि शेवटी एकमेकांवर आलेल्या चौकटी एकत्र करा. पुलाची पाण्यापासूनची उंची किती आहे? त्यावरून तुकड्याचा आकार सांगता येईल.