यंदा कुठला कट-ऑफ धरायचा? इंजिनिअरिंग प्रवेशाचे अनुभव लिहा

विश्रामबागकर
आमच्या गच्चीवरून सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजची झाडं दिसतात. थोरलीच्या वेळी मी मागच्या तीन वर्षांचे कट-ऑफ, म्हणजे कुठल्या कॉलेजला शेवटची सीट कितीवर गेली ते, छापून आणले आणि हायलायटरनं रंगवले. हिरवा म्हणजे नक्की, पिवळा म्हणजे बहुतेक, गुलाबी म्हणजे नाद सोडा. 2025 च्या प्रवेशाच्या पहिल्या राऊंडला हिरव्यातलं एक लागेना, आणि तिसऱ्याला गुलाबीतलं लागलं! आता धाकटा बारावीत आहे. ते कागद रद्दीत घालू की परत रंगवायला घेऊ? सांगली-साताऱ्याकडच्यांनी आपापलं लिहा. सल्ले नकोत, काय घडलं ते सांगा.

गोडोलीची आई
आमची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, 27 एप्रिल 2025 च्या सकाळच्या शिफ्टला. एवढं म्हटलं की त्या वर्षीच्या पालकांना कळतं. लेक बाहेर आली ती गप्पच. गाडीत बसल्यावर म्हणाली, "आई, मॅथ्सची उत्तरं ऑप्शनमध्येच नव्हती." मी म्हटलं, तुझंच चुकलं असेल, नीट वाचलं नसशील. घरी येईपर्यंत बोलतच होते मी. नंतर जाहीर झालं, पेपरातलेच गणिताचे 21 प्रश्न चुकलेले. त्या शिफ्टची फेरपरीक्षा 5 मे ला लागली. म्हणजे बाकीची पोरं सुटली आणि हिनं परत तीच पुस्तकं उघडली. तिचं म्हणणं, त्या एकेका गणितात तिनं पाच-पाच मिनिटं घालवली, उत्तर जुळत नाही म्हणून पहिल्यापासून सोडवलं. फेरपरीक्षेत बरे गेले. पण पहिल्याच दिवशी सरळ पेपर आला असता तर किती पडले असते, हे आमच्या घरात अजून कुणी मोठ्यानं बोलत नाही. गाडीतलं माझं बोलणं तिनं अजून सोडलेलं नाही, ते वेगळंच.

कऱ्हाडचा क्लासवाला
ताई, तुमच्या लेकीसारखी दोन पोरं माझ्याकडे होती. त्यातल्या एकाला तर फेरपरीक्षा सोपी गेली, म्हणून तो खूश!

पालक कट-ऑफचा तक्ता घेऊन येतात तेव्हा मी एकच विचारतो, हा तक्ता कुठल्या नियमांचा? पूर्वी बारावीच्या पीसीएमवर, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सच्या मार्कांवर मिळायचं. मग सीईटी आली. 2014 आणि 2015 ला जेईई मेन ही देशपातळीवरची परीक्षा आणि बारावी निम्मी-निम्मी धरली. 2016 ला परत सीईटी. 2019 ला पेपर संगणकावर गेला, शिफ्ट आल्या, मार्क गेले आणि पर्सेंटाइल आलं, म्हणजे शंभरातली किती पोरं तुमच्या मागं ते. अजून लोक पर्सेंटाइलला टक्केच म्हणतात. 2025 ला पीसीएमला सव्वाचार लाखांच्या आसपास पोरं बसली. पर्सेंटाइल 0.1 नं घसरलं की तुमच्या पुढं सव्वाचारशे पोरं जाऊन बसतात. त्यात गणिताचा प्रश्न दोन मार्कांचा, फिजिक्स-केमिस्ट्रीचा एक. दोन गणितं हुकली की मेरिट नंबर कुठच्या कुठं जातो.

बरं, सगळ्यांना कॉम्प्युटर पाहिजे. पुण्याचं सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेज 2022 ला स्वतंत्र विद्यापीठ झालं, तिथं कॉम्प्युटर नाही मिळालं तर वालचंदला कॉम्प्युटर, तेही नाही तर आमच्या कऱ्हाडच्या गव्हर्न्मेंट कॉलेजला आयटी. सिव्हिल म्हटलं की पालकांचं तोंड उतरतं. माझा स्वतःचा भाऊ सिव्हिलवाला आहे आणि माझ्यापेक्षा बरा कमावतो.

माणदेशी
मी 2020 ची बॅच. एसईबीसीचा, म्हणजे मराठा आरक्षणाचा दाखला बाबांनी आधीच काढून ठेवला होता. घर गळतं म्हणून फाईल खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत. 9 सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाची स्थगिती आली, तेव्हा माझी सीईटीसुद्धा झाली नव्हती. परीक्षा ऑक्टोबरात. ज्या रकान्यात बसायचं म्हणून अभ्यास केला, तो रकानाच पेपरच्या आधी गेला. डिसेंबरात सांगितलं, ईडब्ल्यूएसमधून, म्हणजे आर्थिक दुर्बलांच्या कोट्यातून घेता येईल. मग ईडब्ल्यूएसचा दाखला! तहसीलच्या तीन चकरा, एसटी पूर्ण सुरू नव्हत्या, बाबा आणि मी चुलत्याच्या मोटारसायकलवर. एका चकरेत उत्पन्नाचं वर्ष चुकलं, एका चकरेत सर्व्हर बंद. मुदत संपायच्या आदल्या दिवशी हातात पडला.

मिळालं कॉलेज, झालो इंजिनिअर. पण गंमत पुढची. 2021 ला तो कायदाच रद्द झाला, 2024 ला 10 टक्क्यांचा नवा आला, त्यात माझा चुलतभाऊ परत एसईबीसी. आत्याच्या सासरकडे कुणबी नोंद सापडली, तिचा मुलगा ओबीसी. दिवाळीला आम्ही तिघं एका ताटात जेवतो, फॉर्मवर तीन रकान्यांत. आमच्या मागच्या वर्षीचा कट-ऑफ आमच्याच घरात एकमेकांच्या कामाचा नाही.

जतचा
आमच्याकडं पाऊस आणि कट-ऑफ, दोन्हींचा अंदाज दरवर्षी येतो. पडतो तिसराच.

तासगावचे पप्पा
माझी चूक लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. 2025 ला नियम असा होता. पहिल्या राऊंडला पहिलाच प्रेफरन्स लागला तर आपोआप फ्रीज, पुढं सरकता येत नाही. दुसऱ्याला पहिल्या तीनपैकी, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी लागलं तरी तेच. मी जुन्या हिशेबानं चाललो. थोरल्या पुतण्याच्या वेळी आम्ही मिळेल ते वर टाकलं होतं आणि मग बेटरमेंट, म्हणजे पुढच्या राऊंडला त्याहून बरी सीट घेतली होती. नेट कॅफेत बसून मी पोराला म्हटलं, "सिव्हिल वर टाक, सीट तर हातात येऊ दे." तो म्हणाला, "पप्पा, इलेक्ट्रिकल वर टाकू." मी ऐकलं नाही. बेदाण्याचा सौदा होता त्या दिवशी, घाई होती.

पहिल्या राऊंडला सिव्हिल लागलं. पेढे वाटले. संध्याकाळी पोरानं मोबाईल पुढं धरला, त्यावर फ्रीज असं लिहिलेलं. दुसऱ्या राऊंडला त्याच्या मागच्या मेरिट नंबरच्या पोराला त्याच कॉलेजात इलेक्ट्रिकल मिळालं. तो पोरगा याचा आता रूम पार्टनर आहे. मला फोनवर काका म्हणतो, चांगला आहे बिचारा.

मिरजेची
मी आणि माझी मैत्रीण एकाच शिफ्टला होतो. पर्सेंटाइल सातव्या दशांशापर्यंत सारखं! आधी खूप हसलो. मग मेरिट लिस्ट आली. टाय झाला की गणिताचं पर्सेंटाइल बघतात, तिचं जास्त, ती पुढं. शेवटची सीट तिला लागली, मला नाही. मला पुढच्या राऊंडला दुसरीकडं मिळालं. मुलींची फी माफ झाली असल्यामुळं घरचे लांबच्या कॉलेजला तयार झाले, नाहीतर ते पण अवघड होतं. अजून बोलतो आम्ही. कट-ऑफवर नाही बोलत.

विश्रामबागकर
सगळं वाचलं. गोडोलीच्या ताई, मीही रंगवलेल्या कागदांवरून लेकीला बरंच ऐकवलं होतं, त्यामुळं तुमचं वाचून गप्प बसलो. तासगावकर, ऑप्शन फॉर्म धाकट्यालाच भरायला देणार.

आणि 2026 पासून सीईटी दोनदा देता येणार, दोन्हींतलं चांगलं ते धरणार. मग 2025 चा कट-ऑफ लावायचा कशाला? म्हणून कागद शेवटी रद्दीत टाकायला काढले, तर धाकट्यानं मधेच उचलून नेले. पाठकोरे आहेत. त्यावर त्याची इंटिग्रेशनची कच्ची आकडेमोड चाललीय.