लेखक येऊन बोलून गेले. हाताला काय लागलं?

पुण्यात व्याख्यानांना तोटा नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून आपल्याला खुर्चीत बसून ऐकायची सवय आहे, आणि बाहेर पडल्यावर चहाबरोबर वक्त्याच्या चुका काढायचीही. पण लेखकाने वर्गात येऊन 'मी हे असं लिहिलं' म्हणत कागद समोर ठेवणं वेगळं. गणेशखिंडीतल्या विद्यापीठात, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, आपापल्या कॉलेजात असं काही ऐकलं असेल तर लिहा. 'भारावून गेलो' एवढंच असेल तर राहू द्या.

सुरुवात मी करते. आमच्या मराठी विभागात एक कथाकार आले होते. त्यांनी पिशवीतून एकाच कथेच्या पहिल्या परिच्छेदाचे चार खर्डे काढले, सगळ्यांसाठी झेरॉक्स करून आणलेले. पहिल्यात पाऊसच पाऊस, अकरा ओळी. दुसऱ्यात पाऊस चार ओळींवर आला आणि एक म्हातारी आली. तिसऱ्यात ती गळक्या कौलाखाली पातेलं सरकवते. चौथ्यात पाऊस हा शब्दच नाही. पातेलं काठोकाठ भरलंय, ती ते मोरीत ओतते आणि परत तिथेच आणून ठेवते. कोणता बरा, असं त्यांनी विचारलं. आम्ही एकमुखाने चौथा म्हणालो. "छापायला मी तिसरा दिला," ते म्हणाले, "चौथ्यात म्हातारीपेक्षा मीच जास्त दिसतो." मला आजही चौथाच आवडतो. पण स्वतःचं लिहिलेलं वाचताना मी त्यात कुठे दिसतेय, हे तपासायची खोड लागली ती लागलीच.

*

माझा अनुभव व्याख्यानातला नाही, रिक्षातला आहे. पाहुण्यांना शिवाजीनगर स्टेशनवरून आणायचं काम माझ्याकडे होतं. २०२० मध्ये विद्यापीठ चौकातला पूल पाडला, त्यानंतरची गोष्ट, त्यामुळे गणेशखिंड रस्त्यावर आमचा मुक्काम पडला म्हणा ना. मी घामाघूम, सर मात्र मजेत. रिक्षावाले काका फोनवर कुणाशी तरी बोलत होते. "हो... नाही, ते नको देऊस... मग तिला विचार ना... बरं, मी आल्यावर बघू." सरांनी मला खुणेने गप्प केलं आणि फोन संपल्यावर हळूच म्हणाले, "आता पलीकडचं माणूस काय म्हणत होतं, ते लिही." तिथेच मोबाइलवर लिहिलं. मी सासू-सुनेचं भांडण रंगवलं. सर म्हणाले, शेळी विकायची चाललीय. खरं काय होतं ते विचारायचं धाडस दोघांनाही झालं नाही. हा खेळ मी अजून पीएमपीच्या बसमध्ये खेळतो.

*

मी धुळ्याची. पुण्यात आले तेव्हा 'तुझी भाषा जरा वेगळीच आहे गं' हे इतक्यांदा ऐकलं की वर्गात तोंड उघडणं सोडलं होतं. एका काव्यवाचनाला एक कवयित्री आल्या आणि माइकवरून थेट अहिराणी सुरू. 'आंडेर' शब्द आला तशी मागच्या रांगेत खसखस पिकली. पुढच्या कुणी अर्थ विचारला. त्या म्हणाल्या, "कविता संपेपर्यंत थांबा." कवितेत आई मुलीला सासरी धाडते, तिच्या पिशवीत काय काय भरते ते सांगते, आणि दर वेळी तोच शब्द. चौथ्या-पाचव्या वेळेला सगळ्या सभागृहाला आंडेर म्हणजे लेक हे कळलेलं होतं. खसखस कधी थांबली ते कळलं नाही. कंसात अर्थ देऊन कविता लिहिणं मी त्या दिवशी बंद केलं.

*

एवढं गोड बोलणं चाललंय म्हणून मिठाचा खडा टाकतो. एका कॉलेजातल्या (नाव नको) कार्यक्रमात दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, सत्कार, सत्काराला उत्तर असं होत होत पन्नास मिनिटं गेली. लेखकाच्या वाट्याला वीस आली. त्यानंतर 'प्रश्न नाही, फक्त दोन शब्द' म्हणणारे काका उभे राहिले. हाताला लागलं ते वेफर्सचं पाकीट.

*

इंग्रजी विभागात लेखिका आणि त्यांची अनुवादक, दोघींनी मिळून वाचन केलं होतं. एक परिच्छेद मराठी, तोच इंग्रजी. कथेत बायको पंधरा पानं नवऱ्याला 'अहो' म्हणते आणि शेवटी एकदाच म्हणते, 'अरे, ऐकू येत नाही का तुला?' गोष्ट तिथे फिरते. इंग्रजीत अहो-जाहोही 'यू' आणि अरे-तुरेही 'यू'. अनुवादक म्हणाली, महिनाभर अडून बसले होते. मग तिने पंधरा पानांत बायकोच्या तोंडून नवऱ्याचं नाव एकदाही येऊ दिलं नाही, आणि त्या वाक्यात पहिल्यांदा नावाने हाक मारली. ऐकताना अंगावर काटा आला. लेखिका हसून म्हणाल्या, "हे मराठीत का नाही सुचलं मला?" मी नंतर व्याकरणाच्या तासाला आदरार्थी अनेकवचन शिकवताना हीच गोष्ट सांगतो.

*

मी निवृत्त. एका कॉलेजच्या ग्रंथालयात काउंटरवर होतो. लेखकाचं भाषण झालं की तासाभरात त्याची पुस्तकं कपाटातून गायब, हे ठरलेलं. एकदा भाषण आटोपून खुद्द लेखकच आले आणि स्वतःचं पुस्तक मागितलं. बसून चाळत होते, मग खिशातून पेन्सिल काढून एक शब्द खोडला. मी गेलो आणि म्हणालो, "ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहायचं नाही." ते म्हणाले, "अहो, मीच लिहिलंय." म्हटलं, असेल, पण प्रत आमची आहे. ओशाळले बिचारे. पुसायला खोडरबर मीच दिलं. खोडलेला शब्द 'हळूच' होता, आणि त्याची तिथे खरंच गरज नव्हती.