मदत हवी आहे: पुरात आसऱ्याची म्हणून नेमलेली शाळाच नदीकाठी आहे

नमस्कार. चाळीसगाव तालुक्यात तितूरकाठी आमचं गाव. मी शाळा व्यवस्थापन समितीत पालक सदस्य आहे.

३१ ऑगस्ट २०२१ ची पहाट इथे कोणी विसरलेलं नाही. कन्नड घाटाकडे धो धो पाऊस झाला, तितूर आणि डोंगरी दोन्ही नद्या फुगल्या. "पानी उनं, पया!" (पाणी आलं, पळा) अशी हाक आली आणि माणसं पळाली शाळेकडे, कारण गावाच्या आपत्ती आराखड्यात निवाऱ्याची जागा तीच. शाळा मात्र सखल भागात! वर्गांत गुडघ्याच्या वर पाणी. हजेरीपट, दाखले, पोषण आहाराचा तांदूळ, सगळं भिजलं. शेजारीच आरोग्य उपकेंद्र, तेही पाण्यात. दिवस भरलेल्या एका बाईला अंधारात ट्रॅक्टरवरून न्यावं लागलं. ती रात्र आठवली की अजून पोटात गोळा येतो.

मागच्या दोन खोल्यांच्या भिंतींना तेव्हापासून तडे आहेत. त्यांचं निर्लेखन (वापराबाहेर काढून पाडायची सरकारी मंजुरी) झालेलं नाही. मुलं व्हरांड्यात बसतात. आम्ही अर्ज दिला, पोच मिळाली, उत्तर नाही.

निवाऱ्याची जागा बदलायची तर कोणाकडे जायचं? खोल्या आणि उपकेंद्र वरच्या गावठाणात मागता येतील का? पावसाळा तोंडावर आहे, कृपया सांगा.

पांझराकाठ: ताई, नुसत्या अर्जावर थांबू नका, ग्रामसभेचा ठराव घ्या. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. ठराव त्यांना, प्रत तहसीलदारांना. पाटबंधारे खात्याकडे पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या. शाळा निळ्या रेषेच्या आत निघाली तर तिथे नवं बांधकाम नको, हेच तुमचं सगळ्यात भक्कम म्हणणं. भिंतीवर पाण्याची खूण असेल तर टेप लावून फोटो काढा. आणि तडे गेलेल्या खोल्यांना आजच कुलूप लावा, त्यासाठी कोणाच्या उत्तराची वाट पाहू नका.

मूळ धागाकर्ती: खूण आहे दादा, फळ्याच्या जरा खाली. उद्याच टेप घेऊन जाते, कुलपाचं मुख्याध्यापकांशी बोलते. शाळा आणि उपकेंद्र एकाच ठरावात लिहू का?

पांझराकाठ: वेगवेगळे लिहा. खाती वेगळी आहेत, एक अडकलं की दुसरंही अडकेल. आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेची वाट पाहू नका, सरपंचांना सांगून आत्ताच विशेष सभा लावा.